केक मधेच का बसतो?

केक बिघडला की घरोघरी पहिला संशय रेसिपीवर जातो आणि दुसरा सोड्यावर. माझा अनुभव असा, की बऱ्याचदा दोघांचाही दोष नसतो. आमच्या अकोल्याच्या इमारतीत अंड्याशिवायचे केक बऱ्याच घरांत होतात. मी कितीतरी वर्षं घरी केक करत आले आहे, त्यामुळे कुणाचा केक बसला, फाटला किंवा तळाशी चिकट राहिला, की तो ताटलीत घालून माझ्याकडे आणला जातो. मी आधी सुरी घेते आणि केक मधोमध उभा कापते. वरून पाहून फारसं काही समजत नाही. खरी हकीकत आतल्या जाळीत असते.

एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या वहिनी असाच केक घेऊन आल्या. त्या नोकरी करतात, घरी आल्यावर संध्याकाळी केक लावतात. लेकाचा वाढदिवस जवळ आला होता आणि त्या अगदी रडकुंडीला आल्या होत्या. “ताई, पाहा ना, हा केक मधातच बसते दरवेळी.” त्यांचा केक नेहमीचा दह्याचा: दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा. माप बरोबर होतं. पण कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सोडा अर्ध्याचा एक चमचा केला होता.

केक कापला. कडेने गडद तपकिरी, मधे खळगा, खळग्याखाली कच्चट पट्टा, आणि चवीला साबणासारखा. साबणाची चव आणि गडद रंग ही जादा सोड्याची खूण. एवढ्या सोड्याला पुरेल इतका आंबटपणा कपभर दह्यात नसतो. उरलेला सोडा केकमध्ये तसाच राहतो, चव बिघडवतो आणि रंगही लवकर चढवतो. शिवाय वायू जास्त झाला की बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत मिसळतात आणि मैदा शिजून घट्ट होण्याआधीच फुटतात. बसणाऱ्या केकला आणखी सोडा घालणं म्हणजे त्याला आणखी बसवणं. हे मी प्रत्येकीला कळकळीने सांगते, कारण हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो.

सोडा पुन्हा अर्ध्या चमच्यावर आणला. साबणाची चव गेली, रंग सुधारला, पण खळगा राहिलाच.

मग आम्ही एकेक गोष्ट तपासत गेलो. बेकिंग पावडर चमचाभर घेऊन कढत पाण्यात टाकली, ती जोरात फसफसली, म्हणजे जिवंत होती. (ही पावडर 1843 मध्ये बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. अंडीही तिला चालत नसत. अंड्याशिवायचा केक करताना मला त्या बाईची हमखास आठवण येते.) मग मैदा वजनकाट्यावर ठेवला. कप डब्यात खुपसून दाबून भरला तर 150 ग्रॅमपर्यंत मैदा बसतो आणि चमच्याने हलका भरला तर 120–125. दीड कपात इतका फरक पडला की केक दडस होतो. वहिनींचं वजन ठीक निघालं. ओव्हनचं दार त्या मधे उघडत नव्हत्या.

उरली आच. माझ्याकडे ओव्हनच्या आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आहे, तो संध्याकाळी त्यांच्या ओटीजीत ठेवला. बटण 180 अंशांवर होतं आणि नेहमीप्रमाणे दहा मिनिटं तापवून झालं होतं. काटा मात्र 150 च्या जवळपास. रविवारी दुपारी त्याच बटणावर, तेवढ्याच वेळात, तो 175 च्या पुढे गेला. तोच ओव्हन, तेच बटण, मग फरक कुठून आला?

उत्तर त्यांच्या फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर होतं. दुपारी तिथे 228 व्होल्ट दिसत होते आणि संध्याकाळी, सगळ्यांचे कूलर आणि एसी सुरू झाले की, 195. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 च्या जागी 195 व्होल्ट आले तर कॉइल जेमतेम 72 टक्के आच देते. ओव्हन तापतो, पण रेंगाळत तापतो. आणि केकला रेंगाळणं चालत नाही. दह्यात सोडा पडला की वायू त्याच क्षणी निघू लागतो, तो ओव्हनची वाट पाहत नाही. मैदा शिजून बुडबुड्यांभोवती घट्ट व्हायच्या आत वायू निघून गेला, की फुगलेलं छप्पर खाली येतं. अंड्याच्या केकमध्ये अंडंही आचेवर घट्ट होऊन आधार देतं. आपल्या केकला तो आधार नसल्याने आचेची चूक लगेच दिसते. मधला भाग सगळ्यात उशिरा शिजतो, म्हणून तोच बसतो.

वहिनींच्या रेसिपीत आम्ही काहीही बदललं नाही. फक्त क्रम बदलला. आधी ओव्हन लावायचा आणि थर्मामीटर 175 दाखवेपर्यंत थांबायचं. संध्याकाळी त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कोरडं एकीकडे चाळून ठेवायचं, दही-साखर-तेल दुसरीकडे. काटा वर आला की मगच सोडा घालायचा, मिश्रण एकत्र करून टिनमध्ये ओतायचं आणि लगेच आत. वाढदिवसाचा केक सपाट आला आणि त्याची जाळी एकसारखी पडली होती. एक मात्र बजावते: ओटीजी फ्रीजच्या स्टॅबिलायझरला जोडू नका. एवढा भार घेण्याची त्याची ताकद नसते.

त्यानंतर खालच्या मजल्यावरची एक कॉलेजची मुलगी तिचा केक घेऊन आली. तो उलट डोंगरासारखा फुगून मधे फाटलेला होता. तिने आठ इंची टिनचं मिश्रण सहा इंचीत ओतलं होतं आणि वरची कॉइलही सुरू ठेवली होती. आठ इंची गोल टिनचा तळ सुमारे 50 चौरस इंच आणि सहा इंचीचा 28, म्हणजे थर जवळजवळ दुप्पट उंच. वरची साल लवकर कडक झाली आणि आतला भाग उशिरा फुगून तिला फाडून बाहेर आला. टिन बदला, फक्त खालची कॉइल ठेवा, आच दहा-पंधरा अंश कमी करा, एवढ्यानं हे फाटणं जातं.

रबरासारखा, आत उभी भोकं असलेला केकही बरेचदा येतो. मैदा पडल्यावर मिक्सरने फेटल्याचा तो परिणाम. मैदा पडला की हाताने, पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळावं, दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. तळ ओलसर असेल तर केक गरम टिनमध्येच थांबला होता का ते विचारा. दहा मिनिटांनी जाळीवर काढला नाही तर वाफेचं पाणी तळाशी जमतं. कुकरमधला केक वरून पांढरा राहतो, कारण वरून आच नसते. त्यात बिघाड काही नाही. तो पांढराच खावा, उत्तम लागतो. फक्त कुकरची शिटी आणि रिंग काढायला विसरू नका.

लोण्याच्या केकबद्दल माझं ठाम मत आहे: विदर्भाच्या मे महिन्यात तो घरी करू नये. लोणी साखरेबरोबर फेटताना त्यात हवा धरते ती वीस अंशांच्या आसपास. आमच्या स्वयंपाकघरात त्याचं तूप व्हायला वेळ लागत नाही, आणि पातळ लोण्यात हवा टिकत नाही. त्या दिवसांत तेलाचा केक करा, डिसेंबरात लोण्याचा.

म्हणून माझं सांगणं एवढंच. केक फसला तर फेकण्याआधी तो मधोमध कापून पाहा, आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. आच, माप आणि सोडा एकदम बदललात तर केक सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळणार नाही. आणि नवं बीटर घेण्याआधी ओव्हनचा थर्मामीटर घ्या.