अन, अन्न आणि मेनूकार्डावरची भाषा

व्हिएतनामी भाषेत 'अन' म्हणजे खाणे. मराठी कानाला हा शब्द 'अन्ना'च्या इतका जवळचा वाटतो की नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आपले 'अन्न' संस्कृतातील 'अद्' या धातूपासून आले. व्हिएतनामी ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा आहे. तिचे दूरचे नातलग महाराष्ट्रात शोधायचेच असतील तर ते मेळघाटात सापडतील, कारण कोरकू त्याच विस्तृत कुळातली. नुसते ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे, हा नियम न्यायालयात वावरणाऱ्यांना नवा नाही.

मात्र साम्य शब्दात नसले तरी विचारात असू शकते. व्हिएतनामी माणूस भात 'खातो', तसा तो नववर्षाचा सणही 'खातो' आणि लग्नाला जातो तेव्हा लग्नही 'खातो'. लाच घेण्यालाही तिकडे 'लाच खाणे' असेच म्हणतात. आपल्याकडे माणूस मार खातो, शिव्या खातो, भाव खातो आणि कचेरीत बसून पैसेही खातो. हजारो कोसांवरच्या दोन भाषांनी परस्परांना न विचारता लाचखोरीसाठी एकच क्रियापद निवडावे, यावर भाषाशास्त्रापेक्षा मनुष्यस्वभावाचाच प्रकाश अधिक पडतो.

हेच क्रियापद दोनदा घेऊन हो ची मिन्ह शहरातील एका भोजनगृहाने आपले नाव ठेवले आहे : 'अनअन सायगाव', म्हणजे 'खा खा सायगाव'. पीटर कुओंग फ्रँकलिन हे त्याचे संस्थापक. दा लात येथे जन्मलेला हा मुलगा 1975 मध्ये देश सोडून अमेरिकेला गेला, येल विद्यापीठात शिकला, बँकिंगच्या व्यवसायात रमला आणि पुढे ते सारे सोडून स्वयंपाकाकडे वळला. त्यांनी 2017 मध्ये हे भोजनगृह काढले ते शहरातील जुन्या बाजारात, भाजी आणि मासळीच्या शेजाराला. 2023 मध्ये मिशेलिनची व्हिएतनामविषयक पहिली मार्गदर्शिका निघाली, तेव्हा हो ची मिन्ह शहरात तारा मिळालेले हे एकमेव ठिकाण होते.

कुटुंबासह तिथे जेवण्याचा योग आला. पदार्थांची चव उत्तम होती. पण तिचे वर्णन करण्यास माझ्याहून योग्य माणसे पुष्कळ आहेत. मी वाचत बसलो ते मेनूकार्ड. 'बान सेओ' या पदार्थाचा तिथे टाको केलेला आहे. तांदळाचे पीठ, हळद आणि नारळाचे दूध यांचे हे धिरडे; आपल्या घावनाला हळद लावावी तसे. 'बान' म्हणजे पिठाचा पदार्थ आणि 'सेओ' म्हणजे तापल्या तव्यावर पीठ पडताच होणारा आवाज, आपला 'चर्र'. टाको मेक्सिकोचा आणि त्याचे नावही तिकडचेच. पण त्या परक्या पाहुण्याच्या आधी 'बान सेओ' हे यजमानाचे नाव अबाधित उभे आहे. त्याला कोणी 'हळदीचे कुरकुरीत पॅनकेक' केलेले नाही.

'बान मी'ची गोष्टही अशीच. पाव त्यांच्याकडे फ्रेंचांबरोबर आला. 'मी' म्हणजे गहू. म्हणून तो झाला गव्हाचा बान. आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि आपण त्यांचाच शब्द घेऊन तो मराठी करून टाकला. एका भाषेने पदार्थ घेतला आणि नाव आपल्या पिठातून मळले. दुसरीने नावही घेतले आणि पचवले. दोन्ही मार्ग जिवंत भाषेचे आहेत. 2011 मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने 'बान मी' हा शब्द स्वीकारला. बोलणाऱ्यांनी आपला शब्द सोडला नाही, म्हणून कोशाला तो घ्यावा लागला.

जेवताना आणखी एक गोष्ट कानावर आली. आमच्याशी इंग्रजीत बोलणारा तरुण वाढपी शेजारच्या टेबलावरील वयस्क व्हिएतनामी गृहस्थांना 'चू', म्हणजे 'काका' म्हणत होता आणि स्वतःचा उल्लेख 'कॉन', म्हणजे 'लेकरू' असा करीत होता. त्या भाषेत समोरच्याला उद्देशून बोलताना सर्वनामाऐवजी सहसा नातेच वापरतात. इतक्या महागड्या जागीही ते नाते उंबऱ्याबाहेर ठेवावे लागलेले नव्हते. आपल्याकडे बाजारात 'मामा', 'मावशी' म्हणणारा मुलगा वातानुकूलित दालनात नोकरीला लागला, की त्याच्या तोंडी 'सर' आणि 'मॅडम' एवढे दोनच शब्द उरतात.

आता लिपीकडे वळू. व्हिएतनामी आज रोमन अक्षरांत लिहिली जाते आणि या अक्षरांच्या इतिहासाचा धागा गोव्याला येऊन भिडतो. 'सेओ' या शब्दाचे पहिले अक्षर रोमनमधील 'एक्स' आहे. गोव्यातील रोमी कोंकणीत 'शीत' लिहितानाही हेच 'एक्स' येते. कारण दोन्हीकडे अक्षरे बसवणारे जेझुइट धर्मप्रसारक पोर्तुगीज वळणाने लिहीत. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पूर्वेकडे जाताना काही काळ गोव्यात राहिलेल्या अलेक्झांडर द ऱ्होड यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश 1651 मध्ये रोममध्ये निघाला. पुढे मात्र वाटा फुटल्या. गोव्यात 1684 मध्ये पोर्तुगीज विजरईने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. व्हिएतनाममध्ये फ्रेंच सत्तेने रोमन लिपी पुढे रेटली. पण विसाव्या शतकात राष्ट्रवाद्यांनी तीच लिपी लोकशिक्षणासाठी हाती घेतली आणि तिच्याच आधारे परकी सत्ता झुगारली. लिपी परक्यांनी बांधलेली, भाषा स्वतःची आणि दोन्हींवरचा ताबाही स्वतःचा.

आम्ही सीमाभागातील माणसे पाट्यांच्या लढाईत आयुष्य घालवतो. कोणती लिपी वर, कोणती खाली, कोणत्या अक्षराची उंची किती, यावर अर्ज, निवेदने आणि दावे लिहितो. हे आवश्यकच आहे. शासनाच्या दारात भाषेचा हक्क मागावाच लागतो. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचे महत्त्वही मी कमी लेखणार नाही. परंतु पाटीवर भाषा बसवणे सत्तेच्या हाती असते, मेनूकार्डावर ती बसवणे आपल्या. आपलीच माणसे आपल्याच पैशाने भोजनगृह काढतात आणि थालीपिठाला 'मल्टिग्रेन पॅनकेक', कोथिंबीरवडीला 'कोरिअँडर फ्रिटर्स' म्हणतात, तेव्हा त्यांच्यावर कोणत्या सरकारची सक्ती असते? त्या नामांतराविरुद्ध कोणते न्यायालय आपल्याला मनाई हुकूम देणार?

गरिबाच्या ताटात भाषा टिकते, यात नवल नाही. तिथे तिला पर्याय नसतो. तिची परीक्षा श्रीमंताच्या टेबलावर होते, जिथे माणसाला पर्याय असतो आणि तो निवड करतो. रस्त्यावरचा 'बान सेओ' तारांकित ताटात गेला तेव्हा त्याचे रूप बदलले, किंमत बदलली, नाव बदलले नाही. परक्या गिऱ्हाईकाला समजावे म्हणून खाली दोन ओळी इंग्रजीत लिहाव्यात, जरूर लिहाव्यात. पण वरच्या ओळीत थालीपीठ हे थालीपीठच असावे. बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदे, हैदराबाद, कुठेही ज्या मराठी माणसाची खानावळ वा उपाहारगृह आहे, त्याला एवढे तरी उद्या सकाळी करता येईल. त्यासाठी ना अर्ज लागतो, ना वकील.