अँपच्या शेजारची डबी

अँप जुना, स्पीकर जुने, पण आवाज अजून खणखणीत. हवी आहे ती फक्त वाय-फायवरून गाणं ओढून अँपला देणारी एक डबी, म्हणजे स्ट्रीमर. ‘ब्लूटूथचं काय वाईट?’ असा घरातून प्रश्न आला. वाईट असं नाही. पण ते आवाज दाबून पाठवतं, आणि ऐन भैरवीत कुणाचा तरी फोन येतो. स्ट्रीमर गाणं परस्पर इंटरनेटवरून आणतो, फोन उरतो रिमोटपुरता.

गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ याच कामाचा होता, स्वस्त आणि मस्त. २०१९ च्या सुरुवातीला तो बंद झाल्याचं जाहीर झालं. आता डोळा विम मिनी, विम प्रो हे तयार स्ट्रीमर आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर. पायवर मूड हे सॉफ्टवेअर फुकट चालतं, पण डॅकचा (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग आवाज करणारा) बोर्ड, केस, पॉवर सप्लाय असं जोडत गेलं की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते. शिवाय रविवार त्यातच जाणार, हे घरात सांगायची सोय नाही! मिनीला लॅनचं पोर्ट नाही, प्रोला आहे; आणि आमच्याकडे राउटर जाड भिंतीपलीकडे.

१९२ किलोहर्ट्झचे आकडे मला भुरळ घालत नाहीत. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट माझ्या कानांना पुष्कळ. कसोटी वेगळीच आहे: विलंबित संपून द्रुत उचलताना ट्रॅक बदलतो, तिथे पळभर जरी खंड पडला तरी सगळा रंग उतरतो. दुकानदार मात्र डेमोला पॉपच लावतो. शनिवारी माझ्या फ्लॅक फाइली पेनड्राइव्हवर घेऊन जाणार आहे. प्रो त्यात उतरला तर तोच. वेगळ्या डॅकचं पुढच्या वर्षी बघू.