तालमीची वेळ

टायफॉइडमधून उठल्यापासून संध्याकाळी गावाकडच्या जिल्हा परिषद हायस्कूलच्या मैदानापर्यंत चालत जातो. स्नेहसंमेलन जवळ आलंय. मुलं दंडारीच्या नाचाची तालीम करत होती. एकाच्या टिपरीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. नजर तिथेच अडकली.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर अजून 'जिल्हा भंडारा' आहे. गोंदिया त्यातून वेगळा झाला १ मे १९९९ला. दहावीत नाच म्हणजे वाया गेलेला वेळ, हे तेव्हा घरी ठरलेलंच. मी बीजगणित सोडवत खिडकीतून ढोलकी ऐकायचो. गुण मिळाले, ठीकच. आता मुलींचाही कबड्डीचा संघ आहे, पण गणिताचा जादा तास नेमका त्यांच्या सरावाच्या वेळी. कोणाची ही अक्कल! ढोलकी ऐकून गलबलतं, ते दुःख की नुसता अशक्तपणा? त्या टिपरीवाल्याला वर्ग विचारायचा राहिला.