बंडखोर, पण पहिल्या नंबराची

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा जन्म रागातून झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी हायस्कुलात मास्तर होते आणि १८७४ पासून ‘निबंधमाला’ काढत होते. तिच्यातली भाषा सरकारी मास्तराला शोभण्यासारखी नव्हती. बदली रत्नागिरीला झाली, तेव्हा शास्त्रीबुवांनी नोकरीलाच रामराम ठोकला आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात स्वतःची शाळा उघडली. सोबत नुकतेच एलएल.बी. झालेले टिळक आणि पडेल ते काम अंगावर घेणारे नामजोशी. संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले, एम.ए. आटोपून आगरकर आले.

इतक्या तापट माणसांनी काढलेली शाळा पोरांना घोषणा शिकवील असं कुणालाही वाटलं असतं. या शाळेनं त्यांना मॅट्रिकला बसवलं. तिच्या स्वभावातली खरी मेख इथंच आहे. सरकारची चाकरी नको, पण सरकारच्याच विद्यापीठाच्या परीक्षेत सरकारी शाळेच्या नाकावर टिच्चून पुढं जायचं! मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती तिच्या मुलांनी पुन्हा पुन्हा आणली. पाच वर्षांत पट हजाराच्या घरात गेला. मला हा मार्ग भाषणांपेक्षा जास्त खोडकर वाटतो.

मास्तर मात्र वर्गात मावणारे नव्हते. १८८१ च्या पहिल्याच आठवड्यात ‘मराठा’ आणि ‘केसरी’ निघाले. दिवसा फळा, रात्री प्रुफं. पुढच्याच वर्षाच्या मार्चमध्ये चिपळूणकर गेले, अवघे एकतीस वर्षांचे असताना. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल या पत्रांत लिहिल्यावरून अब्रुनुकसानीचा खटला होऊन टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, ते १०१ दिवसांनी सुटले. त्याच १८८२ साली शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर शाळा पाहायला आले आणि तोंडभर स्तुती करून गेले. सरकारच्या कोर्टानं दोन मास्तर कोठडीत घातले आणि सरकारच्याच आयोगानं शाळेला शाबासकी दिली. शाळेनं दोन्ही गोष्टी सारख्याच थंडपणे घेतल्या असाव्यात.

व्यवहार तिला पहिल्यापासून कळत होता. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, १८८५ मध्ये कॉलेज निघालं, आणि त्याला नाव दिलं ते गव्हर्नर फर्ग्युसन यांचं. आजीव सभासदांनी वीस वर्षं महिना ७५ रुपयांवर काम करायचं, असा दंडक. या पंचाहत्तर रुपयांभोवती मग घरात जी भांडणं पेटली, ती एकत्र कुटुंबातल्या वाटणीसारखी: प्रश्न पैशाचा, राग स्वभावाचा. बाहेरची कमाई घ्यावी की नाही, बाहेरच्या कामाला वेळ द्यावा की नाही, आणि त्याखाली समाजसुधारणा आधी की स्वराज्य आधी. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, टिळक १८९० मध्ये संस्थेतूनच. पुढं मवाळांचे पुढारी झालेले गोखले याच शाळेत मास्तर होते. एकाच शिक्षकांच्या खोलीत इतके पक्ष सांभाळणारी दुसरी शाळा मला तरी ठाऊक नाही.

तिचा एक कोपरा मात्र अंधाराच होता. मुलींच्या शिक्षणासाठी आगरकर जीव तोडून लिहीत, पण त्यांची शाळा मुलांची. पुण्यात ‘हुजूरपागा’ हे मुलींचं हायस्कूल १८८४ मध्ये निघालं, ते न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं. तिथं मुलींना काय शिकवावं, यावरून पुढं टिळकांच्या ‘केसरी’नं झोड उठवली. बंडालाही उंबरठा असतो. या शाळेचा तो बराच उंच होता.

आज तिचे दोन पत्ते आहेत: टिळक रोड आणि रमणबाग. गणपती जवळ आले की रमणबागेचं ढोलपथक सरावाला उभं राहतं आणि शेजारपाजाऱ्यांना खिडक्या लावून घ्याव्या लागतात. टिळक हा आवाज ऐकून खूश झाले असते, आगरकरांनी त्यावर खरमरीत अग्रलेख लिहिला असता. शाळेला काळजी एकच, पथकातल्या पोरांच्या सहामाहीची.