आपोआप वाजणारे वाद्य

वलगावच्या घरासाठी आपोआप वाजणारा पियानो घ्यावा, असा प्रस्ताव मुलांनी मांडला तेव्हा आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. आमची बोटे आता आखडली आहेत. वाजविणारा नसतानाही घरात संगीत असावे, यात गैर काय?

हा शोध नवा नाही. एडविन व्होटी यांचा पियानोला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी फिरे, हवेच्या दाबाने पट्ट्या दाबल्या जात. परंतु पायटे माणसालाच मारावे लागत आणि लयही त्यालाच सांभाळावी लागे. १९०४ मध्ये आलेल्या वेल्टे-मिन्यों यंत्राने वादकाचे लहानमोठे आघातही टिपले. देब्यूसीने स्वतः वाजविलेल्या रचना त्यामुळे आजही पियानोवर उमटतात. आजच्या पियानोत कागदाची जागा संगणकाने घेतली आहे, इतकेच.

तरीही निवड करताना मन अडखळले, ते आमच्या आईच्या तंबोऱ्यापाशी. तो मिरजेचा. आई गात असे आणि तिच्यामागे बसून तारा छेडण्याचे काम आमच्याकडे असे. चार तारा, पुनःपुन्हा त्याच क्रमाने. लहानपणी याहून कंटाळवाणे काम आम्हांस ठाऊक नव्हते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. पुढे काही वर्षांनी तो आमच्याही घरी आला आणि आम्ही सुटलो. आई तक्रार करणारी नव्हती. एकदाच म्हणाली, "चुकत नाही बापा तो, पण मी चुकली त हासत बी नाही."

या वाक्याचा अर्थ उमगण्यास आम्हांस बरीच वर्षे लागली. दोन्ही यंत्रे आपोआप वाजतात. मात्र त्यांची वजाबाकी निराळी आहे. पियानो वादकाला वजा करतो आणि श्रोता ठेवतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा गायकाला ठेवतो आणि त्याच्यामागे बसणाऱ्याला वजा करतो. त्या मागे बसणाऱ्याला आपण साथीदार म्हणतो, हा शब्द आम्ही फार उशिरा नीट वाचला.

याच वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. बाबा प्रश्न विचारतात, समोरचा समाज उत्तर देतो. उत्तराखेरीज ते कीर्तन पुढे सरकतच नाही. मुद्रणात दोन्ही आवाज आहेत. ऐकताना आमच्या ओठांवरही उत्तर येते, परंतु तेथे ते आधीच कोणीतरी दिलेले असते. संहिता जतन होते. त्या संहितेतील आपली जागा मात्र जतन होत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांस हे निराळे सांगावयास नको.

म्हणून पियानोचा बेत आम्ही सोडला. यंत्राविषयी अढी नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा अजून घरात आहे आणि एकट्याने बसावयाचे तर त्याचाच आधार असतो. परंतु मिरजेच्या तंबोऱ्याला नव्या तारा चढविल्या आहेत. नात सुटीत आली की गाते. आम्ही मागे बसतो. बोटे आखडलेली असल्याने मधेच एखादी तार सुटते, आणि ती वळून हसते.