घाण्याचा शनिवार

पेणकर आणि रोहेकर ही आडनावं बेने इस्राएल यहुद्यांतही आहेत. जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावकऱ्यांनी या लोकांना नाव दिलं होतं ‘शनिवार तेली’. शेजाऱ्यांना ना हिब्रू ठाऊक होती ना शब्बाथाची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याची, मोशेची आज्ञा. हे तेली शनिवारी घाणा जुंपत नाहीत, एवढंच त्यांना दिसलं. श्रद्धेची इतकी कोरडी आणि इतकी नेमकी नोंद क्वचितच कुठे झाली असेल. आपली चिंता देवावर सोपवावी ही ख्रिस्ती शिकवण समजून घ्यायला मी या बंद घाण्यापासून सुरुवात करीन. चिंता करू नका असं सांगताना येशूने पाखरांचे आणि रानफुलांचे दाखले दिले ते शब्बाथ पाळणाऱ्या माणसांनाच.

घाण्यात तीळ पडतात, खोबरं पडतं, लाट करकरत फिरते. बैलाच्या डोळ्यांवर झापड. दिवसभर कोसच्या कोस चालून संध्याकाळी तो सकाळच्याच जागी. काळजीत पडलेल्या माणसाचं याहून वेगळं काय होतं? बैल फिरला तर निदान तेल तरी निघतं. शनिवारी घाणा थांबवणारा तेली काही सावकार नव्हता. एका दिवसाचं तेल बुडणार, गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे वळणार, हे त्याला कळत होतंच. म्हणजे भरवसा ही मनातली गोड गुंगी नव्हे. आठवड्याला एक दिवस पदरचा मोडल्याशिवाय तो खरा ठरत नव्हता. रानात इस्राएलांना देवाकडून मान्ना हे अन्न मिळालं त्या बायबलमधल्या कथेत हाच हिशेब आहे. रोज त्या दिवसापुरताच वेचायचा, सकाळपर्यंत राखून ठेवला तर त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचायचा, आणि तो टिकायचा. निष्काळजीपणा आणि भरवसा यांतला भेद मला प्रवचनांपेक्षा या गोष्टीत स्वच्छ दिसतो. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती रोजची. कोठार मागितलेलं नाही.

यावर पेणकडच्या खारजमिनीतला शेतकरी विचारील, उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली तर देवावर हवाला ठेवून झोपू काय? मुळीच नाही. खांड बुजवायला चिखल लागतो, माणसं लागतात. पण खांड पडेल का, या धास्तीने जागून काढलेल्या दहा रात्रींतून बांधावर एक पाटी माती पडत नाही. दुसरा आक्षेप याहून अवघड आहे, आणि तो लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना वारंवार वाटतं, की टिळकांनी भार देवावर टाकला आणि देवाने तो उचलून लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी आणून ठेवला. घरातल्या एकाची निश्चिंती दुसऱ्याच्या ओढाताणीवर उभी असेल, तर तिला श्रद्धा म्हणावं का? हा आक्षेप मला पुरता खोडता येत नाही. शनिवार तेल्याचा घाणा बंद राहिला तर त्याची झळ सगळ्या घराला सारखी लागायची, एवढं म्हणता येईल.

पेत्राच्या पहिल्या पत्रात चिंता देवावर टाकायला सांगितलं आहे. तिथलं ‘टाकणे’चं ग्रीक क्रियापद नव्या करारात दोनदाच येतं. दुसरी जागा लूकच्या शुभवर्तमानात आहे: येशूला बसवण्यासाठी शिष्य आपली वस्त्रं शिंगराच्या पाठीवर टाकतात. अंगावरचं काढून दुसऱ्याच्या पाठीवर टाकणं, इतकी ही हाताची कृती. मला इथे ते शिंगरूच जास्त आठवत राहतं, कारण शब्बाथाच्या आज्ञेतही बैल आणि गाढव नावानिशी आले आहेत. विसावा त्यांनाही आहे. पेण-रोह्याच्या घाण्याच्या बैलांना तेव्हा शनिवार कळत असेल तो एवढ्यावरूनच, की आज झापड घेऊन कोणी गोठ्यात आलं नाही.