अँकरच्या हातातला अर्ज

केरी लेक यांनी प्रचाराच्या एका चित्रफितीत घण उचलला आणि बातम्या चालू असलेले टीव्ही संच फोडले. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या गव्हर्नरपदासाठी त्या उभ्या होत्या. आता गंमत बघा. त्याआधी त्यांनी कुठलंही पद निवडून येऊन भूषवलं नव्हतं. फिनिक्सच्या ‘फॉक्स १०’ वाहिनीवर २२ वर्षं बातम्या वाचून कमावलेली ओळख, एवढंच त्यांच्या गाठीला होतं. बसल्या फांदीवर घाव घालायचे आणि वर टाळ्याही घ्यायच्या, हे कसब साधं नव्हे. २०२१च्या मार्चमध्ये त्यांनी वाहिनी सोडली, जूनमध्ये उमेदवारी जाहीर केली आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकलीसुद्धा.

मी काही वर्षं एका मराठी वाहिनीच्या डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे ही ओळख कशी तयार होते ते आतून पाहिलंय. रनडाउन लागतो, प्रॉम्प्टरवर अक्षरं वर सरकू लागतात, कानातल्या टॉकबॅकमध्ये पीसीआरमधून कुणीतरी ‘फोनो तयार आहे, गुंडाळ’ म्हणून ओरडत असतं. समोर बसलेला माणूस मात्र शांत. वाक्य डेस्कचं, बाइट वार्ताहरानं उन्हातान्हात उभं राहून आणलेला, आकडे कुठल्यातरी सरकारी अहवालातले. घरी बसून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही आणि दिसायचं कारणही नाही. त्याच्या लेखी हे सगळं तो अँकरच बोलतोय. श्रेय त्याचं, कळवळाही त्याचाच.

दुष्काळाच्या वेळी आमच्या एका अँकरबरोबर सोलापूर जिल्ह्यात गेले होते. चावडीसमोर कॅमेरा लागायच्या आत माणसं गोळा झाली. एक आजोबा पुढं आले, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि अँकरच्या हातात ठेवला. गावातला डीपी जळालेला, दुरुस्ती होत नव्हती, त्याचा रीतसर अर्ज. वर तहसीलदारांचं नाव, खाली सह्या आणि अंगठे. ‘‘साहेब, तुमी रोज घरात येता. आमचं एवढं काम बघा,’’ आजोबा म्हणाले. आमदारांना दिला का, असं मी विचारलं तर त्यांनी नुसता हात झटकला. अँकरनं कागद नीट घडी करून खिशात ठेवला. गाडीत बसल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘‘माणसं आपल्याला काय समजतात गं!’’

राजकारणात जायचं बीज तिथंच पडतं, असं मला वाटतं. त्यात वाईट काहीच नाही. रोज कुणीतरी अर्ज हातात ठेवतंय आणि आपण फक्त बुलेटिन वाचतोय, याची टोचणी प्रामाणिक माणसालाही लागते. गुजरातचे इसुदान गढवी घ्या. शेतकरी घरातले, ‘व्हीटीव्ही’ या गुजराती वाहिनीवरच्या ‘महामंथन’ या चर्चेनं घराघरांत पोचलेले. तेही २०२१च्याच जूनमध्ये आम आदमी पक्षात गेले. पुढच्या वर्षी पक्षानं लोकांचा कौल मागवला. साडेसोळा लाखांच्या आसपास लोकांनी मत कळवलं आणि त्यातले ७३ टक्के गढवींच्या बाजूचे होते, असं पक्षाचे नेते केजरीवाल यांनी जाहीर केलं. मुख्यमंत्रिपदाचा चेहरा ठरला.

पण आपल्याकडे अख्खं राज्य मिळून मुख्यमंत्र्याला मत देत नाही. चेहरा गुजरातभर पोचलेला असला, तरी अर्ज भरायचा खंभाळिया या एका मतदारसंघात. तिथं जातीची गणितं असतात, बूथवर बसणारी पोरं लागतात, समोरचा उमेदवार गल्लीबोळ ओळखून असतो. गढवी अठरा हजारांवर मतांनी पडले. पक्षाला १८२ पैकी ५ जागा मिळाल्या. अ‍ॅरिझोनात राज्यभर एकच मतपत्रिका होती, म्हणजे टीव्हीवरच्या माणसाला सोन्यासारखी संधी. तरी पंचवीस लाखांहून अधिक मतदानात लेक १७,११७ मतांनी हरल्या. निकाल मानायला त्या तयार नव्हत्या. कोर्टात गेल्या, तिथंही हरल्या. २०२४ला सिनेटसाठी उभ्या राहिल्या, पुन्हा पराभव.

टीव्हीवाला पडतोच असा काही नियम नाही. आपल्या औरंगाबादेत इम्तियाज जलील यांनी ‘एनडीटीव्ही’तून येऊन २०१४ची विधानसभा जिंकली आणि २०१९ला ४,४९२ मतांनी लोकसभाही. तेव्हा हरणं-जिंकणं बाजूला ठेवू. मला खटकतं ते दुसरंच. त्या आजोबांनी अर्ज दिला तो हा माणूस कुठल्या पक्षाचा नाही, असं धरून. आमदाराकडे जायचं त्यांनी ज्या कारणानं टाळलं, त्याच कारणानं ते अँकरकडे आले. उमेदवारी जाहीर झाली की हा आधार गेला. मग जुन्या ओळखीवर मतं मागणं मला तरी पटत नाही. लेक यांचं तर पुढचं पाऊलही पाहण्यासारखं. २०२५मध्ये ट्रम्प सरकारनं त्यांना ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ चालवणाऱ्या संस्थेत नेमलं आणि त्यांच्याच देखरेखीखाली तिथल्या शेकडो पत्रकारांना घरी बसावं लागलं. प्रचारातला घण निदान जाहिरातीपुरता होता.

आपल्याकडे निवृत्त सनदी अधिकाऱ्याला खासगी नोकरी धरायची तर ठरावीक काळ थांबावं लागतं, नाहीतर सरकारची परवानगी घ्यावी लागते. अँकरला असं काही बंधन नाही. शुक्रवारी मंत्र्याची मुलाखत घेऊन सोमवारी त्याच्याच पक्षाचा गमछा गळ्यात घातला तरी कायद्यानं काही बिघडत नाही. कायदा यावा, असंही मी म्हणणार नाही. तो कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. तेव्हा हे काम मतदारानंच करायला हवं. ओळखीचा चेहरा हात जोडून दारात आला, की त्याला पाणी द्या, चहाही द्या. आणि एवढं विचारा: पक्षाशी बोलणी कोणत्या महिन्यात सुरू झाली, आणि त्यानंतर किती दिवस तुम्ही आम्हाला बातम्या सांगत होता?